झेंडे बदलत गेले, झाडू तोच : येमेनची गोष्ट

एडन म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला एकच माणूस आठवतो. वासुदेव बळवंत फडके. इंग्रजांनी त्यांना एडनच्या तुरुंगात नेऊन टाकलं आणि तिथंच ते १७ फेब्रुवारी १८८३ ला गेले. परीक्षेत एका मार्काचा प्रश्न. एडन कुठं आहे, तिथं कोण राहतं, आपल्याकडचा कैदी तिकडंच का धाडला, हे मास्तरांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. रात्रपाळी सुटली की वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयात तासभर बसतो, मग जाऊन झोपतो. तिथं कुणीतरी दान दिलेलं नकाशांचं एक जुनं पुस्तक आहे. त्यात अरबस्तानाच्या खालच्या टोकाला दोन येमेन आहेत, एक हिरवा आणि एक गुलाबी. शेजारच्या नव्या पुस्तकात एकच. आणि बातम्या ऐकाव्यात तर सानात एक सरकार, एडनमध्ये दुसरं. हा काय घोळ आहे म्हणून वाचायला लागलो. इंग्रजी मला अडखळत येतं, शब्दकोश मांडीवर लागतो. वर्ष गेलं त्यात. आणि वाचता वाचता एका शब्दापाशी येऊन थांबलो : अखदाम. त्या शब्दासाठी हा लेख लिहितोय. पण तिथं जायचं तर आधी इंग्रज, इमाम, कॉम्रेड आणि कर्नल यांच्या मधून वाट काढावी लागते.

सुरुवात मुंबईपासून होते, हे ऐकून दचकू नका. १९ जानेवारी १८३९ ला कॅप्टन हेन्स नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्यानं एडन जिंकलं, ते मुंबईहून नेलेल्या फौजेच्या जोरावर. गोरी पलटण होती, देशी पलटण होती. त्या काळच्या मुंबई फौजेत आपली माणसं किती होती ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा एडनला सहाशेच्या आसपास माणसं राहायची. बोटींना कोळसा भरायला जागा पाहिजे म्हणून इंग्रजांनी ते घेतलं. १८६९ ला सुवेझचा कालवा उघडला आणि त्या खडकाळ बंदराचं सोनं झालं. १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई सरकारकडं होता. मग पाच वर्षं दिल्लीकडं, आणि १९३७ पासून थेट लंडनकडं. आपला रुपया तिथं १९५१ पर्यंत चालत होता. पारशी, गुजराती व्यापारी तिथं गब्बर झाले. धीरूभाई अंबानी एडनलाच एका फ्रेंच पेढीत नोकरी करत होते. मालकांचे इतिहास असे कुठं ना कुठं लिहिले जातात. बंदरात कोळशाच्या पाट्या वाहणारे सोमाली आणि येमेनी हमाल मात्र बिननावाचेच राहिले.

इंग्रजांना पाहिजे होतं फक्त बंदर. पाठीमागचा डोंगराळ मुलूख त्यांनी सुलतान, शेख, अमीर यांच्याशी करार करून, तनखे बांधून गप्प ठेवला. संस्थानिक पोसायची विद्या त्यांनी इकडं नीट गिरवली होतीच. वर उत्तरेत तुर्कांचा अंमल होता. १९०५ साली दोघांनी बसून हद्द आखली आणि १९१४ साली तिच्यावर शिक्का मारला. पुढं वाळवंटात तर नुसती पट्टी ठेवून सरळ रेघ. ज्यांची शेतं, विहिरी, सोयरिकी त्या रेघेच्या दोन्ही अंगांना होत्या त्यांना कुणी विचारलं नाही. एकाच भाषेच्या, एकाच नावाच्या मुलखाचे दोन तुकडे झाले ते असे.

उत्तरेची गत पाहा. १९१८ ला तुर्क गेले आणि इमाम याह्याचं राज्य आलं. हे झैदी पंथाचे इमाम. त्यांची परंपरा हजार वर्षांवरची, आणि नियम असा की इमाम सय्यद घराण्यातलाच पाहिजे. म्हणजे पैगंबरांच्या वंशातला. सय्यद सगळ्यात वर. त्यांच्याखाली काझी, म्हणजे शिकलेली घराणी. मग कबिलेवाले, शेत आणि बंदूक बाळगून असणारे. त्यांच्याखाली न्हावी, खाटीक, हलकी कामं करणारे, ज्यांना कबिलेवाला पोरगी देत नाही. उतरंड ओळखीची वाटते ना? फरक आहेत, ते मी झाकणार नाही. तिथं मनुस्मृती नाही. मशिदीत रांगेला सगळे उभे राहतात. ज्या धर्माची पहिली बांग बिलाल नावाच्या हबशी गुलामानं दिली, तो धर्म विटाळ शिकवत नाही. पण लग्न जुळवायची वेळ आली की धर्म बाजूला ठेवतात आणि घराणं काढतात. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आणि या सगळ्या उतरंडीच्याही खाली, पायरीच्या बाहेर, अखदाम.

अखदाम म्हंजे चाकर, नोकर. खादिमचं अनेकवचन. काळ्या कातडीची माणसं. अरबीच बोलतात, मुसलमानच आहेत, शेकडो वर्षं त्याच मातीत आहेत. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात, की सहाव्या शतकात हबशांनी येमेन जिंकलं, पुढं ते हरले आणि त्या हरलेल्या फौजेची ही औलाद. खरीखोटी कुणी सिद्ध केलेली नाही. पण अशी गोष्ट कामाची असते. तुमचे बाप हरले म्हणून तुम्ही झाडा, असं सांगता येतं. त्यांचं काम रस्ते झाडणं, गटारं काढणं, चपला शिवणं. वस्ती गावाबाहेर, पत्रा-पोतेऱ्यांची. येमेनमध्ये एक म्हण आहे : कुत्र्यानं ताट चाटलं तर धुऊन घे, खादिमानं हात लावला तर फोडून टाक. ही म्हण वाचली त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि तसाच घरी आलो. आजीला सांगितली. ती म्हणाली, आपल्या वाटेचा चहा वरनं ओतायचे, कप तरी फोडायचे न्हाईत, कप म्हागाचा व्हता.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, पुढं सगळं तिच्यावर फिरतं. डोंगराळ येमेनमध्ये माणसाला वाचवणारं काय? कबिला. तुमचा खून झाला तर कबिला बदला घेतो, नाहीतर खुनाची भरपाई वसूल करतो. कोर्ट, पोलीस नंतर. अखदामांना कबिला नाही. म्हणजे त्यांच्यामागं उभं राहणारं कुणीच नाही. जमीन नाही, बंदूक नाही, वंशावळ नाही.

आता क्रांत्या. इमाम याह्याला १९४८ ला गोळ्या घातल्या, त्याचा मुलगा अहमद गादीवर बसला. कबिल्यांच्या सरदारांची पोरं ओलीस ठेवून राज्य करायची या घराण्याची रीत होती. अहमद सप्टेंबर १९६२ मध्ये मेला आणि आठवड्यात, २६ सप्टेंबरला, अब्दुल्ला अल-सल्लाल या अधिकाऱ्यानं साना शहरात रणगाडे आणून प्रजासत्ताक जाहीर केलं. गुलामी कायद्यानं बंद झाली. सालाकडं लक्ष द्या, १९६२! इमामाचा मुलगा बद्र वेश पालटून डोंगरात पळाला. मग आठ वर्षं यादवी. प्रजासत्ताकाच्या बाजूनं इजिप्तच्या नासेरनी फौज धाडली, ती वाढत वाढत साठ-सत्तर हजारांवर गेली, विषारी वायूसुद्धा टाकला. इमामाच्या बाजूनं सौदी पैसा आणि बंदुका. १९६७ ला इस्रायलकडून मार खाल्ल्यावर नासेरनी फौज मागं घेतली आणि इमामवाल्यांनी सानाला वेढा घातला.

हा सत्तर दिवसांचा वेढा मी दोनदा वाचला. शहर वाचवलं ते तरुण अधिकाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी, कामगारांनी, दुकानदारांनी हत्यार घेऊन. त्यातले कितीतरी खालच्या येमेनमधले, ताईझकडचे, शाफी पंथाचे. वरच्या झैदी कबिल्यांच्या मानानं कमी लेखलेले. त्यांचा पुढारी अब्दुल रकीब अब्दुल वहाब. फेब्रुवारी १९६८ ला वेढा उठला. आणि त्याच ऑगस्टमध्ये प्रजासत्ताकाच्याच सेनापतींनी आणि कबिलेवाल्यांनी या पोरांवर तोफा फिरवल्या. जानेवारी १९६९ मध्ये अब्दुल रकीब मारला गेला. १९७० ला समझोता झाला. इमामाचं घराणं सोडून बाकी राजेवाले सरकारात येऊन बसले. कबिल्यांच्या सरदारांना मानपान, सौदीचे पगार. प्रजासत्ताक नावाला राहिलं. ज्यांनी शहर वाचवलं ते बाहेर आणि ज्यांनी वेढा घातला ते आत. सानाचे रस्ते झाडणारा त्या करारात कुठंच नव्हता. त्याच्याकडं वाटाघाटीला बसायला काय होतं? खराटा?

दक्षिणेकडं मात्र वेगळं घडलं, आणि मी गिरणी कामगार असल्यामुळं माझा जीव तिकडं जास्त रमतो, हे कबूल करतो. १९५४ साली एडनजवळ तेल शुद्ध करायचा मोठा कारखाना सुरू झाला. बंदर जगातल्या गजबजलेल्या बंदरांत गणलं जायला लागलं. उत्तरेतून हजारो माणसं कामाला आली. १९५६ साली कामगार संघटनांची एडन ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. संपांची लाट आली. १९५९ ला इंग्रजांनी निवडणूक घेतली तर उत्तरेतून आलेल्या कामगारांना मत नाही. घाम चालतो, मत चालत नाही! संघटनेनं बहिष्कार टाकला. १९६० ला इंग्रजांनी सक्तीच्या लवादाचा कायदा आणून संपाचा गळाच आवळला. हे वाचताना मला ७ नोव्हेंबर १९३८ आठवला. मुंबई सरकारनं असाच कायदा आणला तेव्हा बाबासाहेबांनी कामगारांचा संप पुकारला होता आणि विधिमंडळात सांगितलं होतं की संपाचा हक्क काढून घेतला की उरते ती गुलामी. एडनला तेव्हा असं बोलणारा विधिमंडळात नव्हता. म्हणून गोष्ट बंदुकीवर गेली.

१४ ऑक्टोबर १९६३ ला रदफानच्या डोंगरात उठाव झाला. नॅशनल लिबरेशन फ्रंटनं चार वर्षं लढा दिला, शहरात आणि डोंगरात. जून १९६७ मध्ये एडनच्या क्रेटर भागातून इंग्रजांना दोन आठवडे हुसकून लावलं. ३० नोव्हेंबर १९६७ ला दक्षिण येमेन स्वतंत्र झाला. एकशे अठ्ठावीस वर्षांनी. जाताना एडनचं बंदर रिकामं होतं, कारण युद्धामुळं सुवेझ बंद पडला होता. तिजोरीत खडखडाट. तरी त्या पोरांनी, पोरंच होती ती, अरब जगात कुणी केलं नाही ते केलं. १९७० ला जनतेचं लोकशाही प्रजासत्ताक असं नाव घेऊन उघड मार्क्सवादी राज्य उभं केलं. सुलतानांच्या जमिनी काढून वाटल्या. शाळा काढल्या, प्रौढांच्या साक्षरतेच्या मोहिमा काढल्या. १९७४ च्या कुटुंब कायद्यानं दोन बायका करण्यावर बंधनं घातली, लग्नाला मुलीची संमती लावली. बायका न्यायाधीश झाल्या. आणि घराण्याच्या नावानं माणसाला हिणवणं सरकारनं बंद करायला घेतलं. सय्यदाचा मान काढला आणि अखदामाला नोकरीत, शाळेत जागा दिली. पुरतं जमलं असं नाही. पण राज्यानं ठरवलं तर उतरंड हलते, हे तिथं वीसेक वर्षं दिसलं.

मग बिघडलं कुठं? इथं मला कडू लिहायचंय. १९७८ ला राष्ट्राध्यक्ष सालिम रुबय अली याला त्याच्याच पक्षानं गोळ्या घातल्या. त्याच्यानंतरचा अब्दुल फत्ताह इस्माईल १९८० ला पायउतार होऊन मॉस्कोला गेला. त्याच्या जागी आलेल्या अली नासिर मुहम्मदच्या अंगरक्षकांनी १३ जानेवारी १९८६ ला पक्षाच्या पॉलिटब्युरोच्या बैठकीत शिरून समोर बसलेल्या सोबत्यांवर स्टेनगन चालवली. बारा-तेरा दिवस एडनमध्ये रणगाडे एकमेकांवर चालले. हजारो मेले. आणि कसे मेले? ओळखपत्रावरचा जिल्हा बघून. अबियान, शबवाचा असलास तर एका गटाचा. लहेज, दालेचा असलास तर दुसऱ्याचा. भाषणात मार्क्स आणि लेनिन, नाक्यावर मात्र गाव कंचं ते सांग! वीस वर्षं ज्यांनी कबिला गाडला म्हणून सांगितलं त्यांच्याच खिशातून तो निघाला. आपल्याकडं एका निळ्या झेंड्याखाली किती गट आहेत ते मोजत बसलो तर हा लेख संपणार नाही. आपण अजून स्टेनगन काढलेली नाही एवढंच.

अली नासिर हरला आणि हजारो माणसं घेऊन उत्तरेत पळाला. त्या पळालेल्यांत अब्दरब्बू मन्सूर हादी नावाचा एक लष्करी अधिकारी होता. नाव ध्यानात ठेवा.

उत्तरेत १९७४ ला इब्राहिम अल-हमदी नावाचा कर्नल आला होता. त्यानं कबिल्यांच्या सरदारांची सत्ता छाटायला घेतली, गावोगावच्या सहकारी संस्था वाढवल्या, दक्षिणेशी एकीची बोलणी चालवली. ११ ऑक्टोबर १९७७ ला त्याचा खून झाला. त्याच्यानंतरचा घश्मी आठ महिन्यांत मेला, दक्षिणेच्या दूतानं आणलेल्या पेटीतल्या बॉम्बनं. मग जुलै १९७८ ला अली अब्दुल्ला सालेह. हा तेहतीस वर्षं टिकला. येमेन चालवणं म्हंजे सापांच्या डोक्यावर नाचणं, असं तो स्वतः म्हणायचा. साप कोण आणि दूध कोण पाजत होतं ते त्यानं सांगितलं नाही.

२२ मे १९९० ला दोन्ही येमेन एक झाले. मॉस्कोचा आधार तुटलेली दक्षिण आणि माणसांनी मोठी उत्तर. लोक रस्त्यावर नाचले, ते खोटं नव्हतं. सहा महिन्यांत परीक्षा आली. २९ नोव्हेंबर १९९० ला सुरक्षा परिषदेत इराकवर लष्करी कारवाईच्या ठरावाला येमेननं विरोधात मत दिलं. अमेरिकेनं मदत तोडली. सौदीनं त्याआधीच येमेनी कामगारांच्या सवलती काढल्या होत्या, सात-आठ लाख माणसं परत आली. मनीऑर्डरवर जगणाऱ्या देशात एवढी माणसं एकदम बेकार! ज्यांचं कुणी नव्हतं ते होदेदाच्या आसपास झोपड्या टाकून राहिले.

१९९३ च्या निवडणुकीत ३०१ जागांपैकी दक्षिणेच्या समाजवादी पक्षाला ५६ मिळाल्या. एकी म्हणजे मोठ्यानं लहानाला गिळणं, हे दक्षिणेच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. १९७४ चा कुटुंब कायदा १९९२ लाच गेला होता. मे १९९४ मध्ये युद्ध पेटलं, ७ जुलैला उत्तरेच्या फौजा एडनमध्ये शिरल्या आणि शहर लुटलं. सालेहच्या बाजूनं लढणारा संरक्षणमंत्री कोण? तोच हादी, दक्षिणेचा. बक्षीस म्हणून उपराष्ट्राध्यक्षपद. दक्षिणेच्या फौजेतले अधिकारी सक्तीनं घरी बसवले, जमिनी वरच्यांनी हडपल्या. २००७ ला या घरी बसवलेल्यांच्या पेन्शनच्या मोर्च्यांतून दक्षिणेची चळवळ पुन्हा उभी राहिली.

आणि झाडूवाला? एकीच्या येमेनमध्ये तो रोजंदारीवर होता. वर्षानुवर्षं नगरपालिकेचा रस्ता झाडायचा, कायम नाही, रजा नाही, पेन्शन नाही. दक्षिणेत जे थोडं हललं होतं तेही १९९४ नंतर जुन्या जागी यायला लागलं.

२०११ ला तरुणांनी सानाचा चौक भरून टाकला. अखदामही त्यात आले, तंबू ठोकून बसले. तवक्कुल करमान या बाईला नोबेल मिळालं. फेब्रुवारी २०१२ ला सालेह उतरला आणि एकच उमेदवार असलेल्या निवडणुकीत हादी राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच साली सफाई कामगारांनी कायम करा म्हणून संप केले, शहरांत कचऱ्याचे ढीग लागले. तेव्हा कुठं सरकारला दिसलं की रस्ते आपोआप साफ होत नाहीत.

मार्च २०१३ ला राष्ट्रीय संवाद परिषद भरली. ५६५ प्रतिनिधी. त्यात अखदामांचा एक. एक! तरी त्या एकानं आणि चळवळीतल्या बायापुरुषांनी ठरावात लिहून घेतलं की सरकारी नोकऱ्यांत त्यांना १० टक्के जागा द्याव्यात. तोवर कागदावर त्यांचं नाव बदललं होतं : मुहम्मशीन, म्हणजे कडेला टाकलेले. नावाचा खेळ आपल्याला माहीत आहे. हरिजन म्हणून घ्यायला आपण नकार दिला. ते मात्र म्हणतात, चाकर म्हणण्यापेक्षा हे बरं, निदान कुणीतरी टाकलं हे त्यात कबूल आहे. मला पटलं ते.

जानेवारी २०१४ ला परिषद संपली. २१ सप्टेंबर २०१४ ला हुथी सानात शिरले. हे उत्तरेच्या सादा भागातले झैदी, सय्यद घराण्याच्या पुढारपणाखालचे. सरकारनं २००४ ते २०१० मध्ये सहा वेळा युद्ध करून त्यांची गावं भाजली होती, त्यांची तक्रार खोटी नव्हती. सालेहनं पडद्याआडून त्यांनाच हात दिला आणि ४ डिसेंबर २०१७ ला त्यांच्याच हातून मेला. हादी एडनला, तिथून सौदीला पळाला. २६ मार्च २०१५ ला सौदीची विमानं आली. २०१७ ला एडनमध्ये दक्षिणेच्या वेगळ्या राज्याची मागणी करणारी परिषद उभी राहिली, ऑगस्ट २०१९ ला तिनं शहर घेतलं. जुनी रेघ पुन्हा वर आली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं २०२१ संपेपर्यंत ३,७७,००० माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त भुकेनं, रोगानं, औषधावाचून. एप्रिल २०२२ ला युद्धबंदी झाली, हादीनं सत्ता सोडली. १० टक्क्यांचा कागद या सगळ्यात कुठं गेला ते विचारू नका.

२०२० ला सानाच्या हुथी सरकारनं नियम काढला की खाणी, तेल, मासळी यांच्या उत्पन्नातला पाचवा हिस्सा काढायचा आणि त्यात पैगंबरांच्या वंशजांना वाटा द्यायचा. इमाम जाऊन तेव्हा अठ्ठावन्न वर्षं झाली होती. आणि याच हुथींनी अखदामांना नवं नाव दिलं : बिलालचे नातू. किती गोड! पोरांना भरती करून आघाडीवर धाडलं, नाव तेच घेऊन. दुसऱ्या बाजूनंही त्यांना भरती केलंच. घरं सोडून पळालेली अखदाम कुटुंबं निर्वासितांच्या छावण्यांपर्यंत पोचली तर तिथल्या इतर निर्वासितांनी शेजार नको म्हणून हाकललं. ज्यांची घरं एकाच विमानानं पाडली होती त्यांनी! मग ती पुलाखाली, शेताच्या बांधाला, शाळेच्या पडवीत राहिली.

युद्धाच्या आधी ताईझच्या वस्त्यांत युनिसेफनं पाहणी केली होती. पंधरा वर्षांवरच्या पाचांत एकालाच लिहितावाचता येत होतं. तो पाचवा कोण असेल, काय वाचत असेल, असं मला रात्री मशीनवर तुटलेला धागा जोडताना येऊन जातं. त्याच्या नकाशात किती येमेन असतील कुणास ठाऊक. आपल्या वाचनालयातलं ते जुनं पुस्तक रद्दीत काढायचं चाललं होतं, मी मागून घेतलंय. ज्यांना बघायचं असेल त्यांनी रविवारी वंदना झाल्यावर या.